प्रशस्ति आणि पंचनामा

स्वतःचें चरित्र स्वतःच्या खर्चानें लिहवून घेण्याची हौस नवी नाहीं. राजांनीं ताम्रपट कोरविले, धनिकांनीं भाट पोसले, आणि दरबारांत स्तुतिपाठकांची वाण कधींच पडली नाहीं. परंतु हौस जुनी, म्हणून तिचें प्रत्येक फळ टाकाऊच असतें असें मात्र नव्हे. कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली; तरी शिवकालाच्या अभ्यासकास आजहि ती डावलून पुढें जातां येत नाहीं. तेव्हां एखादी कृति कोणाच्या आज्ञेनें व कोणाच्या द्रव्यानें झाली एवढ्यावरूनच तिचा निकाल लावणें हें टीकाकाराचें काम नव्हे. त्यानें पाहावयाचें तें इतकेंच कीं, ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याविषयीं लिहितांना कर्त्याची नजर कोठें स्थिर राहिली आणि कोठें खालीं झुकली.

या कसोटीवर आज आम्ही दोन कृति शेजारीं शेजारीं ठेवून पाहणार आहों. दोहोंचा विषय एकच : आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा कारभार पाहणारी ‘फिफा’ ही संस्था. पहिली कृति ‘युनायटेड पॅशन्स’ हा २०१४ सालचा चित्रपट. त्याच्या खर्चाचा बहुतेक सारा भार फिफानेंच उचलला होता. दुसरी कृति म्हणजे अँड्रू जेनिंग्ज या ब्रिटिश पत्रकाराचा ‘फाउल!’ हा २००६ सालचा ग्रंथ. त्याच्या कर्त्यास फिफानें आपल्या वार्ताहर-परिषदांचे दरवाजे बंद केले होते. एक प्रशस्ति आहे, दुसरा पंचनामा. एकीला यजमानाचें ताट मिळालें, दुसऱ्याला उंबरठ्याबाहेरची जागा.

प्रथम चित्रपटाकडे वळूं. दिग्दर्शक फ्रेदेरिक ओबर्तां यांच्या हाताशीं नट कांहीं लहानसहान नव्हते. झ्यूल रिमे यांची भूमिका जेरार देपार्द्यू यांनीं, जुआंव हावेलांज यांची सॅम नील यांनीं आणि सेप ब्लाटर यांची टिम रॉथ यांनीं केली आहे. कथानकहि मुळांत निःसत्त्व नाहीं. १९०४ सालीं पॅरिस येथें सात देशांच्या प्रतिनिधींनीं एकत्र येऊन ही संस्था स्थापिली, त्या वेळीं खेळाचे जनक म्हणविणारे इंग्रज गृहस्थ नाक मुरडून दूर राहिले. १९३० सालीं पहिली विश्वचषक-स्पर्धा उरुग्वेंत भरली, तेव्हां समुद्र ओलांडून जाण्यास युरोपांतील अवघे चार देश तयार झाले. आणि रिमे स्वतः तो चषक बरोबर घेऊन जहाजानें निघाले. यांत खरोखर काव्य आहे. श्रीमंत शेजाऱ्यानें हिणविलेलें एक रोपटें सातासमुद्रांपलीकडे जाऊन रुजतें, ही कथा कोणत्याहि कुशल नाटककारास मोह पाडील. परंतु पडद्यावर काय दिसतें? माणसें एकमेकांशीं बोलत नाहींत; तीं वार्षिक अहवाल वाचून दाखवितात. संकट आलें कीं कोणीतरी थोर पुरुष उभा राहतो, खेळ हा मानवजातीच्या ऐक्याचा मार्ग आहे असें सांगतो, आणि संकट नाहींसें होतें. नायकाला मोह नाहीं, संशय नाहीं, पश्चात्ताप नाहीं. आणि जेथें मोह नाहीं तेथें नाट्यहि नाहीं. ज्या कथेंत कोणी चुकतच नाहीं ती कथा नव्हे, ती निविदेची जाहिरात होय.

उत्तरार्धांत तर कलेचा दोष नीतीच्या दोषांत उतरतो. येथें हावेलांज हे दूरदृष्टीचे कर्ते पुरुष म्हणून येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मि. ब्लाटर हे कष्टाळू, पैसा उभा करण्यांत वाकबगार व अनीतीचे वैरी म्हणून. संस्थेच्या सभासदांना नीतिनियमांचा भंग केल्यास कठोर शासन करण्याची ताकीदहि ते देतात. अर्धसत्य कसें रचावें याचा हा नमुना आहे. १९७४ सालच्या निवडणुकीचेंच पाहा. हावेलांज यांनीं सर स्टॅन्ली राउस यांचा ५२ विरुद्ध ६८ मतांनीं पराभव केला, तो केवळ चातुर्यानें नव्हे. आफ्रिकेंतील देशांच्या तक्रारी खऱ्या होत्या. १९६६ सालच्या स्पर्धेंत त्यांच्यासाठीं हक्काची एकहि जागा नव्हती, म्हणून त्यांनीं तीवर बहिष्कार घातला होता. आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविषयीं राउस यांनीं दाखविलेला मऊपणा त्यांना डांचत होता. दुर्बळांची बाजू घेऊन हावेलांज सत्तेवर आले हें सत्य आहे. परंतु त्या सत्तेचें पुढें काय झालें, हें सांगण्याची वेळ येतांच चित्रपट पडदा पाडतो.

तें पुढें काय झालें, हें आतां कागदोपत्रीं उपलब्ध आहे. ‘आडिडास’ या क्रीडासाहित्याच्या पेढीचे होर्स्ट डास्लर यांनीं १९८२ सालीं ‘आय. एस. एल.’ नांवाची कंपनी काढली व विश्वचषकाच्या जाहिरातींचे, आणि पुढें प्रक्षेपणाचेहि, मक्ते तिच्याकडे जाऊं लागले. २००१ सालीं ही कंपनी दिवाळखोरींत निघाली आणि तिच्या चोपड्या उघड्या पडल्या. स्वित्झर्लंडच्या सरकारी वकिलांचें जें टिपण २०१२ च्या जुलै महिन्यांत प्रसिद्ध झालें, त्यावरून हावेलांज यांना १९९७ सालीं १५ लक्ष स्विस फ्रँक व त्यांचे एके काळचे जांवई रिकार्दो टेशेरा यांना १९९२ ते १९९७ या काळांत किमान १ कोटि २७ लक्ष फ्रँक या कंपनीकडून पोंचल्याचें उघडकीस आलें. हावेलांज यांनीं २०१३ सालीं फिफाचें सन्माननीय अध्यक्षपद सोडलें. आणि या व्यवहाराला त्या वेळीं स्वित्झर्लंडच्या कायद्यांत गुन्हा म्हणत नव्हते. खाजगी संस्थेच्या अधिकाऱ्यानें मक्तेदाराकडून पैसे घेणें हें तेथें त्या काळीं अपराधांत मोडतच नव्हतें. चित्रपटांत या प्रकरणाला जागा मिळालेली नाहीं.

येथें न्यायबुद्धीस स्मरून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मि. ब्लाटर यांनीं लांच घेतल्याचें कोणत्याहि न्यायालयांत शाबीत झालेलें नाहीं. आय. एस. एल. प्रकरणीं फिफाच्याच नीतिसमितीच्या न्यायाधीशांनीं २०१३ सालीं त्यांच्या वर्तनास अनाडीपणाचें म्हटलें, पण नीतिभंगाचें म्हटलें नाहीं. आणि मिशेल प्लाटिनी यांना २०११ सालीं दिलेल्या २० लक्ष फ्रँकांच्या प्रकरणीं स्वित्झर्लंडच्या न्यायालयांनीं २०२२ सालीं व पुन्हां २०२५ सालीं दोघांसहि निर्दोष ठरविलें. चित्रपटावरील आमचा आक्षेप असा नाहीं कीं त्यानें एका गुन्हेगारास संत केलें. आक्षेप असा कीं, ज्या माणसाच्या खुर्चीसभोंवतीं इतकीं वर्षें इतका पैसा वाहत होता, त्याच्या मनांत एकदांहि कांहींच आलें नसेल असें दाखविणें हा त्या माणसाचाहि अपमान आहे. दगडाची मूर्ति करतांना शिल्पकारानें माणूस मारला.

दैवानें या प्रशस्तीची जी विटंबना केली ती कोणत्याहि टीकाकाराच्या लेखणीला साधली नसती. २७ मे २०१५ रोजीं झुरिच येथील ‘बाउर ओ लाक’ या प्रसिद्ध हॉटेलांत पहाटे पोलीस शिरले व अमेरिकन सरकारच्या मागणीवरून फुटबॉलच्या सात अधिकाऱ्यांना त्यांनीं ताब्यांत घेतलें. अमेरिकेंतील आरोपपत्रांत चौदा इसमांवर ४७ आरोप होते आणि २४ वर्षांत १५ कोटि डॉलरांहून अधिक रकमेची लांच दिली-घेतली गेल्याचें त्यांत म्हटलें होतें. दोनच दिवसांनीं मि. ब्लाटर १३३ विरुद्ध ७३ मतांनीं पुन्हां निवडून आले, आणि २ जून रोजीं पद सोडण्याचा मनोदय त्यांनीं जाहीर केला. त्यानंतर तिसऱ्या दिवशीं, ५ जून रोजीं, हा चित्रपट अमेरिकेंत झळकला! तेथील चित्रगृहांतून त्याची एकंदर कमाई झाली अवघी ९१८ डॉलर. कथानकाचा ओघ दक्षिण आफ्रिकेला २०१० सालचें यजमानपद लाभण्याच्या मंगल प्रसंगापर्यंत आणून सोडला आहे. आणि नेमक्या त्याच यजमानपदाच्या निमित्तानें एक कोटि डॉलर फिरले, असा आरोप त्या आरोपपत्रांत होता. दक्षिण आफ्रिकेनें तो नाकारला, ती रक्कम कॅरिबियन बेटांतील आफ्रिकी वंशजांच्या क्रीडाविकासासाठीं होती असें तिचें म्हणणें. खरेंखोटें कांहींहि असो; मंगलाष्टकें संपतांना मांडवाच्या दारांत बेलीफ उभा राहावा, तसा हा शेवट झाला.

एवढा खर्च करून ज्यांनीं हा खटाटोप केला, त्यांनीं तो आपल्या पदरचा केला असता तर आम्हीं हंसून सोडून दिलें असतें. परंतु फिफाचा पैसा कोणाचा? जगांतील गल्लीबोळांतून चिंध्यांचा चेंडू लाथाडणाऱ्या पोरांच्या प्रेमावर जो खेळ उभा आहे, त्या खेळाचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून ही पूजा झाली.

आतां दुसरी कृति. मि. जेनिंग्ज हे कांहीं नाजुक लेखणीचे लेखक नव्हत. त्यांची भाषा पत्रकाराची, वाक्यें आंखूड, उपरोध भडक. प्रत्येक प्रसंग जणूं डोळ्यांसमोर घडत आहे असा वर्तमानकाळांत सांगण्याची त्यांची रीत प्रथम चित्त वेधते आणि पुढें थकविते. जे अधिकारी त्यांच्या तावडींत सांपडले त्यांच्या चेहऱ्याची, पोटाची, चालीची टवाळी करण्याचा मोह त्यांना आवरत नाहीं. आणि ज्याचा अपराध कागदानें सिद्ध होतो त्याच्या पोटाच्या घेराचा दाखला कशाला हवा, असें सुसंस्कृत वाचकास वाटल्यावांचून राहत नाहीं. हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं.

परंतु या ग्रंथाचा गुण इतका मोठा आहे कीं तो दोष त्याच्या सावलींत नाहींसा होतो. हा मनुष्य कागद वाचतो. सभेचें इतिवृत्त, हिशेबाची चिठ्ठी, बँकेची पावती, प्रवासभत्त्याचें बिल, असलीं नीरस कागदपत्रें त्याच्या हातीं आलीं कीं तीं बोलूं लागतात. ग्रंथाच्या आरंभींच, एका अधिकाऱ्यासाठीं निघालेली रक्कम चुकून खुद्द फिफाच्याच खात्यांत येऊन पडते व कचेरींत एकच धांवपळ उडते, असा प्रसंग आहे. २००६ सालीं तो वाचून कित्येकांनीं रंगविलेली कहाणी म्हणून मान हालविली असेल. सहा वर्षांनीं जें सरकारी टिपण प्रसिद्ध झालें, त्यांत हावेलांज यांच्यासाठींचे १५ लक्ष फ्रँक फिफाच्याच खात्यांत येऊन गेल्याची नोंद निघाली! जें कादंबरी वाटलें तें दप्तर ठरलें. याच चिकाटीसाठीं या लेखकानें आधींहि किंमत मोजली होती; ऑलिंपिक संघटनेविषयीं लिहिल्याबद्दल लोझानच्या न्यायालयानें १९९४ सालीं त्यांना पांच दिवसांची तहकूब शिक्षा सुनावली होती. पुढें अमेरिकन तपासखात्यास त्यांनींच कागद पुरविले. ते २०२२ सालीं निवर्तले.

मग ‘फाउल!’ हा या विषयावरील अखेरचा शब्द मानावा काय? येथें मात्र आमचें मन थबकतें. चित्रपट म्हणतो, ही संस्था थोर माणसांनीं घडविली. ग्रंथ म्हणतो, ती दुष्ट माणसांनीं बिघडविली. एक खोटें बोलतो आणि दुसरा खरें. तरी दोघांची नजर माणसांवरच खिळलेली आहे. यंत्राकडे पुरतें कोणीच पाहत नाहीं. आणि यंत्र पाहिल्यावांचून ही लांच कां थांबत नाहीं हें कळावयाचें नाहीं.

तें यंत्र असें. फिफापाशीं विकण्याजोगी मुख्य वस्तु एकच, विश्वचषक. आणि खंडोखंडींच्या संघटनांपाशीं आपापल्या स्पर्धा. या स्पर्धांच्या प्रक्षेपणाचा व जाहिरातींचा मक्ता कोणाला द्यावा हें मूठभर अधिकारी ठरवीत. मक्त्याला बाजारभाव नाहीं, कारण माल एकच आणि विकणाराहि एकच. मक्तेदार तो घाऊक घेऊन देशोदेशीं किरकोळ विकतो व मधला नफा खातो. त्या नफ्यांतला एक तुकडा तो अधिकाऱ्याच्या खाजगी खात्यांत टाकतो. आतां या व्यवहारांत तिजोरी कोणीं फोडली? कोणींच नाहीं. संस्थेच्या चोपडींत जमेची रक्कम चोख लागलेली असते. ती जितकी यावयास हवी होती तितकी आली नाहीं, एवढेंच. जो पैसा आलाच नाहीं त्याची चोरी दिसत नाहीं. म्हणूनच इतकीं वर्षें कोणाला लुटल्यासारखें वाटलें नाहीं. अमेरिकन सरकारनें खटले चालविले ते याच मुद्द्यावर, कीं अधिकाऱ्यानें आपल्या संस्थेची प्रामाणिक सेवा बुडविली. म्हणजे संस्था ही अपराधी नसून फिर्यादी. त्या न्यायानें २०२१ सालीं फिफा व अमेरिका खंडांतील तिच्या घटक-संघटना यांना जप्त रकमेपैकीं २० कोटि १० लक्ष डॉलरांपर्यंत परत मिळण्याचा निर्णय झाला. कुंपणानें शेत खाल्लें, आणि नुकसानभरपाई कुंपणाच्या नांवें निघाली!

यजमानपदाचेंहि तसेंच. २ डिसेंबर २०१० रोजीं झुरिच येथें २०१८ ची स्पर्धा रशियाला व २०२२ ची कातारला देण्यांत आली, ती बावीस जणांच्या गुप्त मतानें. मुळांत मतदार चोवीस. परंतु वार्ताहरांनीं वेष पालटून रचलेल्या सांपळ्यांत दोघे सांपडल्यामुळें ते आधींच दूर झाले होते. बावीस माणसांच्या हातीं अब्जावधींचा निर्णय आणि त्यावर उघड जाब नाहीं, अशी स्थिति असतां तेथें केवळ सज्जनच बसतील अशी अपेक्षा करणें म्हणजे मांजरापुढें दूध ठेवून त्याच्या चारित्र्याची परीक्षा पाहणें होय.

यंत्राचें सामर्थ्य दाखविणारा एक लहानसा प्रसंग सांगतों. तो ग्रंथानंतरचा असल्यामुळें ग्रंथांत नाहीं. २०११ च्या मे महिन्यांत पोर्ट ऑफ स्पेन येथें कॅरिबियन बेटांच्या प्रतिनिधींना एका हॉटेलांत बोलावून प्रत्येकी ४० हजार डॉलरांचीं पाकिटें देण्यांत आलीं. फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली होती. बहामा बेटांच्या प्रतिनिधीनें पाकीट उघडून नोटांचें छायाचित्र घेतलें, रक्कम परत केली, आणि त्याच्या संघटनेनें तक्रार वर धाडली. ती गेली खंडसंघटनेचे चिटणीस चक् ब्लेझर यांच्याकडे. त्यांनीं ती पुढें रेटली आणि पाकिटवाल्यांना पायउतार व्हावें लागलें. सत्याचा जय झाला असें वाटतें ना? परंतु त्याच ब्लेझर यांनीं २०१३ सालीं स्वतः लांच घेतल्याचा गुन्हा अमेरिकन न्यायालयांत कबूल केला. प्रामाणिक माणसाची तक्रार अप्रामाणिक माणसाच्या टेबलावरून गेली आणि तरीहि तिनें काम केलें. येथें थोर कोण व दुष्ट कोण, हें एका वाक्यांत सांगा पाहूं! ज्याला खरें नाटक लिहावयाचें असेल, त्यानें त्या पाकिटावर वांकलेल्या माणसापासून आरंभ करावा. छोटें बेट, तुटपुंजें मैदान, मोठी रक्कम, खोलींत साक्षीदार नाहीं. आणि तरी हात मागें आला.

२०१५ नंतर फिफांत सुधारणा झाल्या हें मान्य केलें पाहिजे. यजमान निवडण्याचा अधिकार आतां मूठभरांच्या हातीं नाहीं, सर्व सभासद देशांच्या सभेकडे गेला आहे. २०१८ सालीं मॉस्को येथें अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांची जोडयोजना मोरोक्कोविरुद्ध १३४ विरुद्ध ६५ मतांनीं उघड मंजूर झाली, ती या नव्या रीतीनें. परंतु डिसेंबर २०२४ मध्यें २०३४ ची स्पर्धा सौदी अरबस्तानास देण्यांत आली, तेव्हां उमेदवार एकच होता आणि निर्णय टाळ्यांच्या गजरांत झाला. यांत लांच दिली गेली असें आमचें म्हणणें नाहीं. तसा कोणताहि पुरावा नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, जेथें निवडच उरली नाहीं तेथें मत विकत घेण्याचें कारणहि उरत नाहीं, आणि दोषाचें मूळ न काढतां त्याची जागा तेवढी बदलतां येते. २०२२ च्या ऑगस्टमध्यें फिफानें भारताच्या फुटबॉल महासंघास ‘बाहेरच्यांचा हस्तक्षेप’ या कारणावरून निलंबित केलें होतें व थोड्याच दिवसांत तें निलंबन मागें घेतलें, हें वाचकांस स्मरत असेल. संस्थेनें सरकारपासून स्वतंत्र असावें हें तत्त्व चांगलें. परंतु जी बाहेरच्या जाबाला इतकी जपते तिनें आंतला जाब तितकाच कडक ठेवला पाहिजे, एवढें तरी त्या तत्त्वांतूनच निघतें.

दोन कृतींचा निवाडा आतां कठीण राहिला नाहीं. ‘युनायटेड पॅशन्स’ आज्ञेवरून झाला म्हणून वाईट नव्हे. त्याच्या कर्त्यांनीं यजमानाच्या चेहऱ्याकडे डोळे वर करून एकदांहि पाहिलें नाहीं, म्हणून वाईट. सर्व सामग्री असून सारें मुसळ केरांत गेलें. ‘फाउल!’ ओबडधोबड आहे, कित्येकदां अनुदार आहे, रोगाचें मूळ सांगण्यांत अपुरा आहे; परंतु तो आहे म्हणून पुढच्या लेखकास मुळापर्यंत जाण्याची वाट सांपडते. अलंकार नसले तरी साक्ष खरी असली कीं ग्रंथ टिकतो. साक्ष खोटी असेल तर सोन्याचे अलंकारहि तिला तारीत नाहींत.

राहतां राहिले आपण. दर चार वर्षांनीं घरोघरीं मंडळी रात्र जागवून हा खेळ पाहतात. आजोबांच्या शेजारीं नातू बसतो आणि गोल झाला कीं दोघेहि एकदम ओरडतात. तो आनंद निर्मळ आहे व तो कोणीं सोडावा असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. परंतु आपल्या त्याच जागरणावर प्रक्षेपणाच्या मक्त्याची किंमत ठरते, हेंहि खरें आहे. म्हणून सामना संपल्यावर नातवानें ‘हे सामने कोठें भरवावयाचे हें कोण ठरवितो?’ असें विचारलें, तर आजोबांनीं ‘तुला काय करावयाचें आहे?’ म्हणून त्याला गप्प करूं नये. जेनिंग्ज यांनीं आयुष्यभर तोच प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत ते दारांतून हलले नाहींत.